गिलानुपट्ठाक : रुग्णसेवकाची सेवा

महावग्गातील चीवरक्खन्धकात आलेला एक प्रसंग आपल्या विहारांतून वारंवार सांगितला जातो. आनंदासह भिक्खूंच्या निवासस्थानांची पाहणी करीत असता तथागतांना एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला दिसला. त्याला पोटाचा विकार जडला होता. काय आजार आहे, हे तथागतांनी त्याला विचारले आणि लगोलग दुसरा प्रश्न केला की, तुझी सेवा करणारा कोणी आहे काय? कोणीच नव्हते. कारण विचारता तो म्हणाला की, आपण इतर भिक्खूंच्या कधी उपयोगी पडलो नाही, म्हणून तेही आपली सेवा करीत नाहीत. तेव्हा आनंदाने पाणी आणले. तथागतांनी ते ओतले व आनंदाने त्याचे अंग धुतले. मग तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलले व मंचकावर निजविले.

रुग्णसेवेचे महत्त्व पटवून देण्यासाठी आपण हा प्रसंग सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु तथागतांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. रोगाची चौकशी होताच सेवकाची चौकशी झाली, याचा अर्थ औषध आणि पथ्य यांच्याइतकाच सेवक हाही उपचाराचा भाग मानला गेला. पाली वाङ्मयात या सेवकास ‘गिलानुपट्ठाक’ अशी संज्ञा आहे. गिलान म्हणजे आजारी आणि उपट्ठाक म्हणजे जवळ उभा राहणारा. कर्करोगाने ग्रासलेल्या आपल्या माणसाजवळ महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्या व्यक्तीचा विचार पाली ग्रंथांच्या आधारे करावा आणि त्या व्यक्तीच्या बाबतीत आपले कर्तव्य कोणते हे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आजचा गिलानुपट्ठाक

मुंबईत परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेव्हापासून विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण आणि देशाच्या दूरदूरच्या प्रांतांतून रुग्ण तेथे येत आहेत. रुग्ण एकटा येत नाही. त्याच्यासोबत पत्नी, पती, मुलगी, सून किंवा भाऊ असतो. केमोथेरपीचे अनेक उपचारक्रम साधारण तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने दिले जातात. रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे काही आठवडे चालते. यामुळे गावाकडचे घर, शेत, मजुरी आणि मुलांची शाळा सोडून सोबतच्या माणसाला परक्या शहरात मुक्काम करावा लागतो. दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेने अशा असंख्य कुटुंबांना निवारा दिला आहे. ज्या गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, त्यांच्याच नावाची ही धर्मशाळा होय. तरीही जागा सर्वांना पुरत नाही आणि रुग्णालयाभोवतीच्या पदपथांवर पथारी पसरलेली माणसे आजही दिसतात.

या सोबतच्या माणसाच्या कामाची यादी मोठी आहे. रांगेत उभे राहणे, केसपेपर व रक्ताचे अहवाल सांभाळणे, औषधांच्या वेळा पाळणे, तोंड आलेले असताना गिळता येईल असे काहीतरी शिजविणे, उलटी काढणे, जखम स्वच्छ करणे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णास शय्याव्रण होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस पालटून देणे, पैशाची जुळवाजुळव करणे, हे सर्व त्यात येते. रुग्णासमोर रडायचे नाही, हेही त्यात आहे. या कामाला सुटी नाही आणि वेतन नाही. आपल्याकडे ते बहुतांशी स्त्रीच्या वाट्याला येते. आणि ते तिचे कर्तव्यच आहे असे समजले जात असल्यामुळे त्याची दखलही घेतली जात नाही.

सेवकाचे पाच गुण

त्याच चीवरक्खन्धकात योग्य सेवकाचे पाच गुण दिले आहेत. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातातही ते येतात. सेवकास औषध तयार करता आले पाहिजे. रुग्णास काय हितकर व काय अहितकर हे त्याला कळले पाहिजे, आणि त्याप्रमाणे हितकर ते जवळ आणून अहितकर ते दूर केले पाहिजे. त्याने लाभाच्या आशेने नव्हे, तर मैत्रचित्ताने सेवा केली पाहिजे. मलमूत्र, वांती, थुंकी काढताना त्याला किळस वाटता कामा नये. आणि प्रसंगोपात्त धम्मकथेने रुग्णाचे मन प्रफुल्लित करता आले पाहिजे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पाचांपैकी मैत्री हा एकच गुण केवळ भावनेचा आहे. औषध, पथ्य, स्वच्छता आणि संभाषण ही शिकून घेण्याची कौशल्ये आहेत. केवळ माया असली म्हणजे सेवा साधते असे विनयाने मानलेले नाही. केमोथेरपी चालू असताना रुग्णाचा ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधावा लागतो, कारण त्या काळात शरीराची प्रतिकारशक्ती घटलेली असते व जंतुसंसर्ग झपाट्याने बळावू शकतो. ही माहिती नसल्यास अत्यंत प्रेमळ सेवकाच्या हातूनही विलंब घडतो. त्याचप्रमाणे कर्करोग हा स्पर्शाने वा एकत्र जेवल्याने दुसऱ्यास होत नाही, हे ठाऊक नसल्यामुळे रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवणारी घरे अजूनही आढळतात. ज्या समाजाने ताट-वाटी वेगळी ठेवण्याचे दुःख पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्या समाजाच्या घरात तरी हे घडू नये.

विनयाने रुग्णाचेही पाच गुण सांगितले आहेत. तो हितकर तेच करतो, हितकर गोष्टींतही प्रमाण राखतो, औषध घेतो, हितचिंतक सेवकास आपल्या दुखण्याची खरी स्थिती सांगतो आणि शारीरिक वेदना सहन करतो. ज्याच्या ठायी हे गुण नाहीत त्याची सेवा करणे कठीण असते, असे तेथे स्पष्टपणे म्हटले आहे. सेवा कठीण असू शकते हे मान्य करण्यात कोणताही कमीपणा मानलेला नाही. रुग्णाच्या चिडचिडीने जिचा जीव विटून जातो आणि मग त्या विटण्याचीच जिला लाज वाटते, अशा पत्नीला किंवा मुलीला हे अवश्य सांगितले पाहिजे.

‘आमचेच काही चुकले असेल’

कर्करोगाचे निदान होताच घरात पहिला शोध कारणाचा सुरू होतो. कोणाच्या पापाचे हे फळ, असे शेजारीपाजारी कुजबुजतात. आणि सेवा करणारी व्यक्तीही रात्री जागी असताना हाच विचार करीत राहते.

संयुत्त निकायातील सीवक सुत्तात या प्रश्नाचे उत्तर आहे. राजगृहाच्या वेळुवनात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले की, माणसाला जे जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळेच होते, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. यावर आपले मत काय? तथागतांनी वेदनांची आठ कारणे सांगितली : पित्त, कफ, वात, तिन्हींचा संनिपात, ऋतुबदल, विषम आहारविहार, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. सर्वच दुःख पूर्वकर्माचे फळ होय असे म्हणणारे लोक प्रत्यक्ष अनुभवाच्या आणि लोकमान्य सत्याच्या पलीकडे जातात, असा त्यांचा निर्वाळा आहे. गतजन्मीच्या कर्मावर मनुष्याच्या आजच्या दैन्याचा बोजा टाकणारा सिद्धांत बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात नाकारला, हे वाचकांस विदित आहेच.

आजचे वैद्यकशास्त्र तंबाखू, मद्य, काही विषाणू, वाढते वय आणि पेशींतील जनुकीय बदल ही कर्करोगाची कारणे सांगते. यांपैकी तंबाखू सोडता येते, म्हणून त्याविषयी निरोगी माणसाला अवश्य बजावावे. परंतु आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याला किंवा त्याच्या पत्नीला दोष देणे यातून काहीही हित साधत नाही.

सुप्पियेची मांडी

अंगुत्तर निकायाच्या एतदग्ग वग्गात रुग्णांची सेवा करणाऱ्या उपासिकांमध्ये सुप्पियेला अग्रस्थान दिले आहे. तिची कथा महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात येते. वाराणसीत एका भिक्खूने रेचक घेतले होते व त्याला मांसाच्या रसाची गरज होती. सुप्पियेने तो देण्याचे कबूल केले. पण त्या दिवशी पशुवधास बंदी असल्यामुळे नगरात कोठेही मांस मिळेना. दिलेला शब्द मोडू नये म्हणून तिने सुरीने आपल्याच मांडीचे मांस कापले, दासीला ते शिजवून भिक्खूस नेऊन देण्यास सांगितले आणि स्वतः आजारी असल्याचे कळवून अंथरुणावर पडली.

या कथेतील त्यागाची आपण स्तुती करतो आणि पुढचा भाग विसरतो. तथागतांनी भिक्खुसंघ जमवून त्या भिक्खूला विचारले की, हे मांस कोठून आले याची तू चौकशी केलीस काय? त्याने केली नव्हती. तथागतांनी त्याला कठोर शब्दांत दोष दिला आणि यापुढे मनुष्यमांस सेवन करू नये व चौकशी केल्यावाचून मांस घेऊ नये, असा नियम घालून दिला. सुप्पियेची श्रद्धा त्यांनी कमी लेखली नाही. परंतु तसा त्याग पुन्हा कोणाला करावा लागू नये याची व्यवस्था त्यांनी केली. चौकशीची जबाबदारी त्यांनी सेवा घेणाऱ्यावर टाकली.

येथे मला स्वतःविषयी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. माझ्या थोरल्या बंधूंना कर्करोग झाला तेव्हा मी दर रविवारी त्यांच्याकडे जात असे. त्यांच्या उशाशी बसून गिरिमानंद सुत्ताचे पठण करीत असे, चहा घेत असे आणि परतत असे. वहिनी चहा आणून ठेवीत व पुन्हा आत जात. चौदा महिन्यांत मी त्यांना एकदाही विचारले नाही की, वहिनी, तुम्ही शेवटच्या सलग कधी झोपलात? बंधू गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी कोणा नातेवाइकाने, दुसऱ्या रुग्णालयात नेले असते तर, असा विषय काढला. वहिनी काही बोलल्या नाहीत. पुढे महिन्याभराने त्या स्वतः चक्कर येऊन पडल्या, तेव्हा डॉक्टरांकडून कळले की त्यांचा रक्तदाब वाढलेला होता आणि वर्षभर त्यांनी स्वतःची तपासणी करून घेतली नव्हती. सुप्पियेची कथा मी त्यापूर्वी विद्यार्थ्यांना अनेक वेळा शिकविली होती. समोरचा चहा कोठून येतो याची चौकशी मात्र केली नव्हती.

स्वतःचे रक्षण व दुसऱ्याचे रक्षण

सेवा करणाऱ्याने स्वतःकडे पाहणे हा स्वार्थ आहे, अशी एक समजूत आहे. संयुत्त निकायातील सेदक सुत्त ती दूर करते. तेथे बांबूवर कसरत करणारा एक डोंबारी आपल्या शिष्यास म्हणतो की, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळीन, म्हणजे आपण दोघे सुखरूप खाली उतरू. शिष्य त्याला सुचवितो की, तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतो. तथागत शिष्याची रीत योग्य ठरवितात. पण तेवढ्यावर थांबत नाहीत. स्मृतीच्या अभ्यासाने जो स्वतःचे रक्षण करतो तो दुसऱ्याचेही रक्षण करतो, आणि क्षांती, अहिंसा, मैत्री व दया यांच्या योगे जो दुसऱ्याचे रक्षण करतो तो स्वतःचेही रक्षण करतो, असा त्या उपदेशाचा आशय आहे. बांबूवर उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाचा तोल गेला तर दुसराही पडतो.

आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात हाच विचार अधिक सूक्ष्मपणे मांडला आहे. प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन शत्रू असतात, एक दूरचा व एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू म्हणजे क्रौर्य; तो सहज ओळखता येतो. तिचा जवळचा शत्रू म्हणजे आसक्तीतून उपजणारा शोक. तो करुणेसारखाच दिसतो म्हणून ओळखू येत नाही. रुग्णाच्या वेदनेसोबत जी व्यक्ती स्वतःही बुडत जाते, जेवण सोडते, झोप सोडते, एक तास बाहेर गेल्यास अपराधी होते, तिला वाटते की हीच करुणा. वास्तविक तो शोक असतो आणि त्याच्या भाराखाली करुणेची शक्ती क्षीण होत जाते. म्हणून सेवकाने वेळेवर जेवावे, स्वतःची औषधे घ्यावी, आठवड्यातून काही तास सेवा दुसऱ्याच्या हाती सोपवावी. झोप सतत उडणे, कशातच मन न लागणे, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांस सांगावे. यात धम्माला सोडून काहीही नाही.

नकुलमातेचे बोलणे

आजार बरा होणारा नाही हे कळल्यावर घरात एक विचित्र शांतता पसरते. रुग्णाला कळू नये म्हणून घरचे लपवितात आणि घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून रुग्णही लपवितो. दोघांनाही ठाऊक असते आणि दोघेही एकटे पडतात.

अंगुत्तर निकायाच्या छक्क निपातात नकुलपिता नावाचा गृहस्थ अतिशय आजारी पडतो. त्याची पत्नी नकुलमाता त्याला खोटा दिलासा देत नाही. मनात चिंता ठेवून मृत्यूला सामोरे जाऊ नये, असे ती त्याला सांगते. आणि त्याच्या एकेका चिंतेचे नाव घेऊन तिचे निरसन करते. मला कापूस कातता येतो, लोकर विंचरता येते, तेव्हा मुलांचे पालनपोषण व घर मी चालवीन. माझे शील ढळणार नाही. धम्मावरील माझी श्रद्धा ढळणार नाही, असे ती म्हणते. पुढे नकुलपिता बरा होतो व काठी टेकीत तथागतांकडे येतो. अशी अनुकंपा करणारी व उपदेश करणारी पत्नी लाभली हा तुझा मोठा लाभ होय, असे तथागत त्याला सांगतात. प्रत्येक रुग्ण नकुलपित्याप्रमाणे बरा होत नाही. तथापि, चिंता मनातून काढून घेण्यासाठी ती बोलून दाखवावी लागते, हा या सुत्ताचा धडा रुग्ण बरा होवो वा न होवो, खराच राहतो.

वेदनेविषयीही असेच आहे. तीव्र वेदनेवर तोंडाने घेण्याचे मॉर्फिन उपयुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली जाहीर केलेल्या मार्गदर्शनात सांगितले. आपल्या देशातील १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे ते मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी सोपी झाली. डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेल्या या औषधाला व्यसन समजून रुग्णास वेदनेत ठेवणे, यात सहनशीलता नाही. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन आणि पुण्यात १९९७ साली सुरू झालेले सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर यांसारख्या संस्था वेदनाशमनाबरोबरच कुटुंबालाही आधार देतात. तेथे जाणे म्हणजे रुग्णाला टाकून देणे नव्हे.

संघाची जबाबदारी

विनयाने सेवेची जबाबदारी क्रमाने ठरवून दिली आहे. प्रथम उपाध्याय, मग आचार्य, मग शिष्य व सहाध्यायी; आणि यांपैकी कोणीही नसल्यास संपूर्ण संघ. सेवा न केल्यास संघ दुक्कट या आपत्तीस पात्र होतो. तुम्हांला सेवा करण्यास येथे आई नाही की बाप नाही, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार, या आशयाचा प्रश्न तथागतांनी भिक्खूंना केला. आणखी एक नियम लक्षणीय आहे. भिक्खूच्या मृत्यूनंतर त्याच्या पात्र-चीवराचा स्वामी संघ असतो. परंतु सेवकाचे उपकार मोठे असतात म्हणून ते सेवा करणाऱ्यास द्यावे, असे सांगितले आहे. सेवा करणारा श्रामणेर असला तरी त्याला समान वाटा द्यावा, असेही तेथे आहे. सेवेची जाहीर नोंद घेण्याची ही पद्धत होय.

अशी नोंद बाबासाहेबांनीही केली आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या गंभीर आजाराचा उल्लेख करून, आपण हा ग्रंथ पुरा करू शकलो याचे श्रेय पत्नी डॉ. सविता आंबेडकर आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय सेवेला दिले. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ही प्रस्तावना छापली गेली नाही. महापरिनिर्वाणानंतर माईसाहेबांच्या वाट्याला दीर्घ काळ संशय आणि एकाकीपण आले. मृत्यूनंतर सेवा करणाऱ्यालाच जाब विचारण्याची ही प्रवृत्ती आपल्या घरोघरी आहे. ती सोडून दिली पाहिजे.

विहाराने काय करावे?

केरळात कोझिकोड येथे १९९३ मध्ये वेदनाशमनाचे काम सुरू झाले. त्यातून वस्तीतील सामान्य माणसांनी आठवड्यातील काही तास देऊन घरोघरी रुग्णसेवा करण्याची चळवळ उभी राहिली, आणि २००८ मध्ये त्या राज्याने तिला धोरणाचे रूप दिले. आपल्या वस्त्यांत विहार आहेत, महिला मंडळे आहेत, तरुण आहेत. नव्या संस्थेची आवश्यकता नाही.

प्रत्येक विहाराने आपल्या परिसरातील अशा घरांची नोंद ठेवावी. आठवड्यातून एक रात्र दुसऱ्या कोणी रुग्णाजवळ बसावे, म्हणजे घरच्या माणसाला झोप मिळेल. एका तरुणाने महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे करून द्यावीत. रेल्वेभाड्यात रुग्णास व सोबतच्या एका व्यक्तीस सवलत असते, तिची माहिती द्यावी. एखाद्याने मुलांचा अभ्यास घ्यावा, एखाद्या घराने डबा पोचवावा. केमोथेरपी चालू असता गर्दीने भेटीस जाऊ नये, सर्दी-ताप असल्यास मुळीच जाऊ नये, आणि ऐकीव औषधांचे सल्ले देऊ नयेत. काही लागले तर सांगा, असे म्हणून निघून येऊ नये. दमलेल्या माणसाला काय सांगावे हेही सुचत नाही. मंगळवारी रात्री मी येतो, असे सांगावे आणि मंगळवारी जावे. रुग्ण गेल्यानंतरही महिना-दोन महिने हे जाणे-येणे चालू ठेवावे, कारण घर रिकामे होते ते तेव्हाच.

ज्यांना तथागतांची सेवा करण्याची इच्छा असेल त्यांनी ती रुग्णाच्या सेवेतून पुरी करावी, असा त्या पहिल्या प्रसंगाच्या शेवटी केलेल्या उपदेशाचा आशय आहे. त्या वेळी तथागत एकटे नव्हते. पाणी ओतणारे हात वेगळे होते, धुणारे वेगळे. आणि उचलताना दोघांनी दोन बाजूंनी धरले होते. पुढच्या रविवारी आपण एखाद्या आजारी माणसाच्या घरी जाल, तेव्हा रुग्णाची चौकशी झाल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी जावे आणि तथागतांचा दुसरा प्रश्नही विचारावा.